बाईंचा नवस, माझे पाय

आधी बाईंचं सांगते, मग काय झालं ते. काय झालं ते सांगायला लागले की मी वाहवत जाते आणि ज्यांनी केलं त्यांचं राहूनच जातं. बाई म्हणजे भोकरदनच्या शाळेत आयुष्यभर भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. नाव लिहायचं नाही असं त्यांनीच बजावलंय. मी सातवीत शाळा सोडलेली. अक्षरं येत होती, पण ती दुकानाच्या पाट्यांपुरती आणि बसच्या बोर्डापुरती. पुस्तक हातात धरून पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत जायला मला बाईंनी शिकवलं. आज मी हे लिहून राहिलेय तेही त्यांच्यामुळेच, आणि वाक्य चुकलं तर फोनवरून बोलणी बसणार तीही त्यांचीच.

मी महाडच्या अंगाची. इकडे आल्यावर सगळे पहिलं हेच विचारायचे, "मंग तुमच्याकडं समुद्र असंल ना?" समुद्र मी अजून पाहिलेला नाही. आमचं गाव घाटाच्या पायथ्याला, तीन बाजूंनी डोंगर. नवरा बोअरवेलच्या गाडीवर कामाला लागला आणि जिथं पाणी नाही तिथंच ती गाडी जाते, म्हणून ती मराठवाड्यात आली. गाडीमागून मी आले. पुढं गाडी कर्नाटकात गेली. तोवर मला बाईंकडे दिवसरात्रीचं काम लागलं होतं, म्हणून मी राहिले. अशा माणसाला एकच भीती असते, की हे घर सुटलं तर पुढं कुठं. ती भीती मी उशाशी घेऊन झोपायची.

बाई बाथरूममध्ये पडल्या होत्या, खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, आत सळई बसली, डॉक्टर म्हणाले, आता चालायला लागा. बाई म्हणाल्या, बघू. आणि पलंगावर बसून राहिल्या. डॉक्टरांनी आणायला लावलेला वॉकर कोपऱ्यात उभा होता. त्यावर आम्ही टॉवेल वाळत घालायचो.

पलंगाशेजारी पुस्तकांचं कपाट. त्यात देवाधर्माचं काही नव्हतं, कादंबऱ्या नव्हत्या. सगळी पुस्तकं चालणाऱ्यांची. कुणी डोंगर चढलेला, कुणी नदीच्या काठाकाठानं मुखापर्यंत गेलेला, कुणी पाखरांच्या मागं रानोमाळ हिंडलेला. बाईंच्या डोळ्यांना बारीक टाइप दिसेना म्हणून त्यांनी मला वाचायला बसवलं. सुरुवातीला मी एकेक शब्द दगडावर पाय ठेवावा तसा वाचायची. बाई डोळे मिटून ऐकायच्या आणि मी अडखळले की म्हणायच्या, "सावकाश. वाट कुठं पळून चाललीय?"

ज्या बाईला पलंगावरून दारापर्यंत जायचं नव्हतं, ती रोज दुपारी माझ्या तोंडून मैलोगणती चालायची. आणि मी, जी वाटेवर अर्धं आयुष्य चाललेली, ती खुर्चीत बसून चालण्याचं कौतुक वाचायची. आमचं दोघींचं छान चाललं होतं.

एका पुस्तकात आमच्याच बाजूचा घाट निघाला. लेखक लिहीत होता की पहाटेच्या धुक्यात त्या पायवाटेनं चढताना त्याला जगण्याचा अर्थ लागला. त्याच पायवाटेनं मी डोक्यावर गवताचा भारा घेऊन उतरायची. मला मान अवघडण्यापलीकडे काही लागलं नव्हतं. पुढच्या पानावर त्यानं ओढा ओलांडला, कमरेएवढ्या पाण्यातून, आणि पलीकडे पोचल्यावर त्याला अर्धं पान आनंद झाला. मी वाचायची थांबले.

"काय गं?" बाईंनी डोळे उघडले.

"हा ओढा माझ्या ओळखीचा आहे. आठवीची शाळा याच्या पलीकडे होती. पावसाळाभर हा कुणाला सोडायचा नाही. आई म्हणाली, राहू दे शाळा."

"मग हे तू का नाही लिहिलंस?"

"मी अलीकडे राहिले ना, बाई. पुस्तक लिहायला पलीकडे जावं लागतं."

बाई इतक्या हसल्या की त्यांना उचकी लागली. मला वाटलं आता काही होतंय की काय, आणि झालं तर माझ्यावर येणार. मी पाणी आणायला पळाले.

त्या पुस्तकांत मला आणखी एक गोष्ट सलायची. हे लोक पहाटे निघतात, दुपारी झाडाखाली बसून भाकरी सोडतात, तिच्या चवीचं वर्णन करतात. ती भाकरी बांधून कुणी दिली, ते कुठंच नसतं. ती जणू पिशवीतच उगवते. मी बाईंना म्हटलं तर त्या म्हणाल्या, "पुढच्या पुस्तकात असेल." पुढच्या पुस्तकात भाकरीऐवजी खिचडी होती. तीही आपली आपणच शिजली होती.

तरी खरं सांगते, मला ती पुस्तकं आवडायची. चिडत चिडत आवडायची. वाचताना कधीकधी मी मलाच विसरून जायची आणि स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या मोजायची राहायची. मी भोकरदनला आले तेव्हा मला इकडे बघण्यासारखं काही दिसतच नव्हतं. काळी सपाट जमीन, बाभळी, उत्तरेला दूर अजिंठ्याच्या डोंगराची एक निळी ओळ, तीही कुणी खोडरबरानं अर्धी पुसल्यासारखी. डोंगर नाही तर डोळा टेकवायचा कशाला? मग एक पुस्तक निघालं, माळाबद्दलचं. नुसत्या माळाबद्दल. त्या माणसानं उघड्या माळावर पोटावर झोपून दिवस काढले होते आणि त्याला तिथं एवढं दिसलं होतं, की मला आमच्या डोंगरातही तेवढं कधी दिसलं नव्हतं. त्यात एक पक्षी होता, चंडोल. मातीच्याच रंगाचा. जमिनीवर असला तर दिसतही नाही, आणि गात गात सरळ वर जातो, ठिपका होईपर्यंत. ती पानं मी बाईंना न विचारता दोनदा वाचली. दुसऱ्या दिवशी गच्चीवर कपडे वाळत घालताना मी पहिल्यांदा त्या माळाकडे नीट पाहिलं.

घरात हे सगळ्यांनाच आवडत होतं असं नाही. बाईंचा मुलगा नोकरीनिमित्त बाहेरगावी. सून, म्हणजे वहिनी, भोकरदनलाच एका कचेरीत. सकाळी डबा, पोळ्या, मुलीची वेणी आणि बाईंच्या गोळ्या एकाच हातानं करणाऱ्या. त्या दारातून जाता जाता बोलून जायच्या.

"आई, तुम्ही पलंगावर बसून सगळा हिमालय हिंडून राह्यल्या, आन् इथं वॉकरवर टॉवेल वाळून राह्यले."

"उद्या उठते," बाई म्हणायच्या.

"उद्या न्हाई, आत्ता. आन् ताई, तुम्ही बी जरा पुस्तक मिटत जा. तुम्ही वाचत ऱ्हाल तोवर ह्या कशाला उठतील?"

मी पुस्तक मिटायची. त्या रागावल्या तर मी कुठं जाणार? आणि आतून एक दुसरीच गोष्ट टोचायची, ती कुणाला सांगण्यासारखी नव्हती. बाई उठून चालायला लागल्या, तर दिवसरात्रीची बाई कशाला ठेवतील? बाई बसून होत्या म्हणून मी उभी होते.

नवरात्र होऊन आठवडा झाला असेल. दुपारी पुस्तक संपलं. बाई खिडकीतून बाहेर बघत म्हणाल्या, "तू जाऊन ये."

"कुठं?"

"पिंपळगाव रेणुकाईला. माझं माहेर. लहानपणी मी त्या वाटेनं चालत भोकरदनच्या शाळेला यायची. सोमवारी यायची, शनिवारी जायची. वाटेत एक मोठी चिंच होती, एक विहीर होती, आणि पुढं माळ लागायचा, तिथं तुझे चंडोल. आहे का बघून ये. चालत जा. गाडीतून काही दिसत नाही."

जावंसं तर इतकं वाटलं की बस. पण सुट्टी? आणि कारण काय सांगायचं? माळ बघायला चाललेय? इकडे बाईमाणूस रस्त्यानं एकटं चाललं तर त्याला कारण लागतं. शेत, दवाखाना, बाजार, नाहीतर भांडण. पुस्तकातल्या माणसांना कुणी विचारत नाही, का चाललात.

"नवस आहे म्हणून सांगू, देवीचं देऊळ आहेच तिथं," बाई म्हणाल्या. भूगोल शिकवलेली बाई, देवघरात दिवासुद्धा सून लावते म्हणून लागायचा.

संध्याकाळी वहिनी आल्या. मी कांदा चिरत होते, म्हणजे मला रडायला कारण होतं. बाईंनी आतूनच सांगून टाकलं, "हिला उद्या रेणुकाईला चालत जायचंय. नवस बोललीय."

"कशाचा?" वहिनींनी पर्स खाली ठेवत विचारलं.

मी दुसरा कांदा घेतला. बाईंचीही गाडी तिथं अडली. कारण ठरवायचं आमच्याकडून राहूनच गेलं होतं. मग बाईंनी जे डोक्यात आलं ते ठोकून दिलं, "माझाच. मी चालायला लागावं म्हणून."

मला वाटलं आता वहिनींचं तोंड सुटणार. त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि मग पदरानं नाक पुसत आत गेल्या. आल्या त्या हातात खण, नारळ, तांदळाची पुरचुंडी घेऊन.

"मला ह्या नवरात्रात जायचंच होतं. रजा न्हाई भेटली. माझी बी ओटी घेऊन जा. आईंच्याच पायासाठी. आन् ताई, चप्पल न्हाई घालायची हं. अनवाणी. न्हाईतर नवस कसला?"

आत पलंगावर बाईंना खोकला आला. तो खोकला नव्हता.

पहाटे बाईंनी मला खुणेनं जवळ बोलावलं आणि पलंगाखालून पिशवी काढायला सांगितली. आत त्यांचे जुने कॅनव्हासचे बूट होते. "गल्ली ओलांडली की घाल," कुजबुजल्या. मी बूट माझ्या पिशवीत घातले. तेवढ्यात वहिनी ओटी घेऊन आल्या आणि त्यांनी हात पुढं केला, "द्या, मी नीट ठेवून देते." आता ज्या पिशवीत बूट, त्यात देवीची ओटी कशी ठेवणार? मी म्हटलं, एक मिनिट, पिशवी झटकून आणते. मागच्या दारी जाऊन बूट पाण्याच्या टाकीमागं सरकवले आणि रिकामी पिशवी घेऊन आले. पुस्तकातल्या चालणाऱ्याच्या सामानाची सगळी यादी मला पाठ होती. मी निघाले ती एक पाण्याची बाटली, एक ओटी आणि माझे स्वतःचे दोन पाय घेऊन. भाकरी मात्र होती. ती वहिनींनी बांधून दिली होती. कोण म्हणतं लिहीत नाहीत, मी लिहिलं.

केळणा नदीचा पूल ओलांडला आणि मी ठरवलं, आता बघायचं. झाडं, पाखरं, माती, सगळं. रस्त्याच्या कडेला मका वाळत घातला होता, त्याला वळसा घालून मी मातीतून चालले. कापूस फुटला होता. सकाळचं ऊन तिरपं पडलं होतं. एका बाभळीवर काहीतरी निळं बसलं होतं, मी थांबले, आणि माझ्याशेजारी मोटरसायकल थांबली. निळं उडून गेलं.

"ताई, बसा. कुठं सोडू?" टोपीवाले काका, मागं दुधाच्या कॅन.

"नको, चालतेय मी."

"ते दिसून राह्यलं. पण का?"

"असंच."

"गाडी हुकली का?"

"नाही."

"घरी काही झालं का? सांगा बिलकुल. मी पोरीसारखं समजून विचारतो."

शेवटी मी म्हटलं, "नवस आहे. रेणुकाईला."

काकांनी गाडी बंद केली, टोपी काढली आणि माझ्या पायांकडे पाहिलं. "मंग आधी सांगायचं ना!" असं म्हणून ते गाडी वळवून परत गेले. मला वाटलं सुटले. मी त्या निळ्या पाखराला शोधत चालले, तर मागून पुन्हा तोच आवाज. काका दुकानातून नारळ घेऊन आले होते.

"माझा बी वहा. म्हशीचं सांगा. दर वेताला रेडाच देऊन राह्यली. देवीला म्हणावं, औंदा पारडी पाहिजे."

"काका, मी कशी सांगणार?"

"अनवाणी चालणाऱ्याचं जल्दी ऐकती ती."

मला कुणाला नाही म्हणता येत नाही. शाळेलाही मी नाही म्हटलं नव्हतं, शाळेनंच मला म्हटलं. नारळ घेतला.

तिथून पुढं माझी बातमी माझ्या पुढं चालली. काका डेअरीपर्यंत जाताना प्रत्येकाला सांगत गेले असावेत. एका शेतात सोयाबीनची मळणी चालली होती, त्या बायांनी यंत्र बंद करायला लावून मला बांधावर बोलावलं. पाणी दिलं, लसणाची चटणी दिली.

"कुठली गं तू माय? बोलणं निराळंच हाय."

"महाडकडची."

"आगं बया, समुद्रावरून चालत आली!"

"अहो नाही, भोकरदनहून."

"ऱ्हाऊ दे, सांगू नको. नवसाचं सांगायचं नसतं," असं म्हणून त्यांनी माझ्या पिशवीत आणखी ओट्या घातल्या. एकीच्या लेकीचं बाळंतपण जवळ आलं होतं, एकीच्या पोराला पोलीसभरती व्हायची होती. एक म्हातारी नुसतीच म्हणाली, "माझं काही मागणं न्हाई. फक्त सांग की मी हाय अजून."

पुस्तकातली माणसं वाटेनं ओझं कमी करत जातात. माझं वाढत चाललं होतं. एक पिशवी भरली, दुसरी त्या बायांनी दिली. निसर्ग बघायला हात मोकळे नव्हते आणि मान वर करावी तर कुणीतरी गाडी थांबवून विचारायचं, "बसता का?" आणि मग स्वतःच जीभ चावायचं. मी आयुष्यात एवढी कधी कुणाला महत्त्वाची वाटले नव्हते. चालत शाळेला जायची तेव्हा एकानंही विचारलं नव्हतं, बसतेस का.

चिंच सापडली. आहे. तिच्या खोडाला मोबाइलच्या रिचार्जची पाटी ठोकलेली. विहीरही आहे, वर जाळी बसवलीय, आत डोकावलं तर पाणी लांब, हिरवं. आणि पुढं थोडा माळ राहिलाय. बराचसा नांगरून शेत झालाय, पण एक तुकडा कुणाच्या वाटणीच्या भांडणामुळं तसाच पडलाय, असं पुढं कळलं. तिथं मी पिशव्या खाली ठेवल्या, कारण खांदे गेले होते. भाकरी सोडली. आणि समोरच्या पिवळ्या गवतातून, जिथं मी शपथेवर सांगितलं असतं की काही नाही, तिथून एक मातकट पाखरू उठलं. सरळ वर. गात गात, एकही श्वास न घेता, वर वर, आणि मी तोंड उघडं टाकून बघत राहिले. ऊन डोळ्यांत जात होतं. ठिपका झाला तरी आवाज येत होता. माझ्या तोंडातला घास तसाच होता. माझ्याच्यानं रडू आवरेना, आणि ह्या वेळी कांदाही नव्हता.

मागं ब्रेक लागले. "काय झालं ताई? चक्कर आली का?" जीपमधून चार डोकी बाहेर.

"पाखरू बघत होते."

मग मागून एक बाई म्हणाली, "उपास असंल. डोक्यात जातं ऊन. पाणी पाजा तिला." त्यांनी मला पाणी पाजलं, आणि जाताना एक नारळ दिला.

त्या तुकड्यावर बसूनच मला पुन्हा ते आठवलं, जे मी सकाळपासून चालून चालून मागं टाकत होते. एवढ्या ओझ्यात एक ओटी वहिनींची होती. ती पोचली आणि देवीनं ऐकलं, तर बाई चालायला लागतील, आणि माझं काम जाईल. माझ्या बेरोजगारीची ओटी मीच अनवाणी पोचवायला चालले होते. आणि समजा ऐकलं नाही, तर बाई आयुष्यभर त्या पलंगावर, माझ्या तोंडून चालत राहणार. मी उठले. काही ठरवलं असं नाही. ओझं दुसऱ्याचं होतं, ते वाटेत ठेवता येत नव्हतं, एवढंच.

दुपार कलताना देवळात पोचले. तिथल्या गुरवांनी माझ्याकडे आणि पिशव्यांकडे पाहून विचारलं, "सगळं गाव घेऊन आलात काय?" मी एकेक नारळ पुढं करत गेले, आणि कुठला कुणाचा ते विसरू नये म्हणून मोठ्यानं म्हणत गेले. बाळंतपण. पोलीसभरती. म्हैस, पारडी पाहिजे. ती म्हातारी अजून आहे. शेवटी वहिनींची ओटी हातात उरली. माझ्या मागं रांग होती. मी डोळे मिटले आणि म्हटलं, "बाई चालू देत." ओटी ठेवली. हात जोडले. आणि मग, मी घाबरट आहे, मला राहवलं नाही, हळूच पुढं जोडलं, "पण घाई नको. सावकाश."

परत यायला मिरचीची गाडी मिळाली. मोसम सरत आला होता, तरी मागं हिरव्या मिरचीची पोती होती आणि त्यांच्यावर मी. सगळी वाट मी शिंकत शिंकत उलटी पाहिली. चिंच, विहीर, माळ. बाईंचं खरं होतं, गाडीतून काही दिसत नाही. विशेषतः डोळ्यांतून पाणी वाहत असताना.

घरी आले तर वहिनी दारात परात घेऊन उभ्या. नवसाहून आलेल्याचे पाय धुतात, ही इकडची रीत. मी मागं सरले. माझे पाय, आणि वहिनींनी धुवायचे? "बसा गपचूप," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी मला नेमकं बाईंच्या पलंगासमोर बसवलं, कारण तिथं पंखा होता. परातीतलं पाणी काळं झालं, मग लालसर झालं. टाचेत बाभळीचा काटा होता, तो मला लागल्याचंही कळलं नव्हतं. वहिनी सुईनं काढायला लागल्या.

"चिंच आहे, बाई," मी सांगायला लागले. "विहीर पण आहे. आणि चंडोल..."

बाई माझ्या तोंडाकडे बघत नव्हत्या. परातीकडे बघत होत्या.

"बूट?" त्यांनी ओठ न हलवता विचारलं. मी नाही म्हणून मान हलवली. वहिनी खाली मान घालून काटा काढत होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पुस्तक काढलं. बाई म्हणाल्या, "ठेव ते." मला वाटलं, त्या वाटेचं सांगताना माझं काही चुकलं. "ते टॉवेल काढ," त्या म्हणाल्या.

"कुठले?"

"वॉकरवरचे. किती जणींना नाचवू मी? तू तिकडे टाचा फोडून आलीस, ती पाय धूत बसली. आता मी इथं बसून दुसऱ्याचा हिमालय ऐकला तर मलाच लाज वाटेल." उठताना त्या शिक्षकी आवाजात बडबडत होत्या. मी वॉकर दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. दारापर्यंत गेल्या. तिथं उभ्या राहून धापा टाकत म्हणाल्या, "ह्याचं कुणी पुस्तक लिहीत नाही."

देवीनं माझं ऐकलं, दोन्ही बाजूंनी ऐकलं. बाई चालायला लागल्या आणि सावकाश लागल्या. पलंग ते दार, दार ते ओटा, ओटा ते फाटक. प्रत्येक टप्प्याला मी टाळ्या वाजवायची आणि मनात माझं सामान बांधायची. उन्हाळ्यात वहिनींनी मला स्वयंपाकघरात बसवलं, चहा पुढं ठेवला. चहा त्यांनी स्वतः केला, त्यावरूनच मला कळलं.

"ताई, आता दिवसरात्रीचं माणूस..."

"हो वहिनी. कळतंय मला."

"जालन्याला माझी मावसबहीण हाय. तिच्या सासऱ्यांना माणूस पाहिजे. मी बोलले बराबर. तुमची सोय लागल्याबिगर मी हलू देणार न्हाई तुम्हाला." मग चहात साखर ढवळत त्या म्हणाल्या, "मला ठाऊक होतं."

"काय?"

"नवस-बिवस काही न्हाई म्हणून. तुम्ही गेल्या त्याच दिवशी टाकी धुवायला गेल्ते, तर मागं आईंचे बूट."

मी कप खाली ठेवला. "मग पाय कशाला धुतलेत?"

"तुमचा खोटा असंल," वहिनी म्हणाल्या, "माझा खरा होता ना. तो कुणी चालून नेला?"

आता मी जालन्याला असते. इथल्या आजोबांना पुस्तकं नको असतात. त्यांना पेपरातले सोयाबीनचे आणि सरकीचे भाव मोठ्यानं वाचून दाखवावे लागतात, आणि भाव पडला की माझ्यावर चिडतात, जसा मीच पाडला. मी मात्र दुपारी वाचते. बाईंनी निघताना ते माळाचं पुस्तक माझ्या पिशवीत घातलं, आणि वर बूट ठेवले, "आता चालतील एकत्र," म्हणाल्या. दूधवाल्या काकांच्या म्हशीला पारडी झाली, असा वहिनींचा निरोप आला. काका मला शोधत घरी आले होते म्हणे, पुढच्या वेताचं सांगायला.

बाई आता फाटकाबाहेर, कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जातात आणि फोन करून कुरकुरतात, की रस्त्यानं नुसता गाड्यांचा धूर, लोक थांबवून तब्येत विचारतात, बघण्यासारखं काही नाही. मी म्हणते, बाई, पूल ओलांडायला लागतो. त्या म्हणतात, तेवढं आता या जन्मी नाही. ते मी ऐकून घेते. बाई, तुम्ही मला वाचायला लावलंत, त्याची परतफेड माझ्याकडे दुसरी काय असणार? थंडीत मला दोन दिवसांची सुट्टी मिळेल. ह्या थंडीत नाही तर पुढच्या. मी भोकरदनला येईन, तुमचा हात धरीन, आणि आपण केळणेचा पूल ओलांडू, सावकाश, वाट कुठं पळून चाललीय. भांडणातला तो तुकडा लांब आहे, तिथवर गाडी करू, पण शेवटची गवतातली पावलं तुमची. चंडोल उठेपर्यंत मी तुम्हाला धरून उभी राहीन. भाकरी ह्या खेपेला मी बांधून आणणार, वहिनींचीसुद्धा.